ओहोटीच्या तारखा

"मावशी, या अकरा तारखांतल्या कुठल्या घ्यायच्या, ते तुम्हीच सांगा." प्रकल्प सांभाळणाऱ्या अभिरामने कागद दुर्गाबाईंपुढे सरकवला.

नेरूळच्या त्या एसी ऑफिसात दुर्गाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मोऱ्याच्या खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उपग्रहावरच्या रडारने मोजायचं काम कंपनीकडे होतं. तीन महिने दुर्गाबाईंनी चिखलात उभं राहून टेप धरली होती आणि कंपनीत नव्याने लागलेल्या क्षिप्राने खोडांचे घेर लिहून घेतले होते. मोजणीत झाडी दाट भरली तर राहणार होती. विरळ भरली तर तिथे गोदाम येणार होतं. दुर्गाबाई चिंबोऱ्या धरायच्या त्या याच चिखलात.

"कसल्या तारखा?"

"त्या त्या दिवशी सकाळी सहाला उपग्रह वरून गेला. फोटोच समजा."

क्षिप्राने मान वर केली.

दुर्गाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजत परत आल्या.

"पुनवेला आन् आमुशेला सहाला ओहोटी. पानी पार लांब. आठमीला भरती, झाड कमरेइतकं पान्यात." त्यांनी चार तारखांवर खुणा केल्या. "या घ्या. ओहोटीला तिवर मुळापासून दिसतं. भरतीचा फोटो काढाल तर अर्धं झाड बुडलेलं."

"सर, रडारचं उलटं असतं," क्षिप्रा म्हणाली. "खाली पाणी असलं की रडारची लाट पाण्यावरून खोडावर आपटून सरळ परत येते. चिखलात आणि मुळांत ती विखुरते. नुसत्या ओहोटीच्या तारखा घेतल्या तर झाडी आहे त्याच्या निम्मी भरेल."

"मावशी पन्नास वर्षं खाडीत आहेत. तू किती?"

दुर्गाबाई हसल्या. "तिला नका बोलू. शिकेल. पोर हुशार हाय."

क्षिप्राचं प्रोबेशन पंधरा तारखेला संपत होतं. तिने सात तारखा काढून टाकल्या आणि मॉडेल चालवलं.

तेवढ्यात अभिरामने एक फॉर्म पुढे केला. वर छापलं होतं : तारखांची निवड, स्थानिक जाणकार. दुर्गाबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली. पेन टोपण लावून परत दिलं.

पडद्यावर खाडीचा नकाशा उमटला. जिथून लाट जोरात परत आली होती ती शहराची बाजू पांढरी चमकत होती. तिवरांचा पट्टा काळा पडला होता. अभिरामने कोपऱ्यातला झाडीचा आकडा वाचला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

दुर्गाबाई पडद्याजवळ सरकल्या. काळ्या पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"बघ, कसं काळंभोर. दाट असल्याबिगर दिसेल का असं?" त्या क्षिप्राकडे वळल्या. "याचा मोठा कागद काढून दे, पोरी. गावात लावते."

क्षिप्राने प्रिंटर चालू केला.

"किती काढू?" तिने विचारलं.