ओट्यावरची गर्दी

"उद्यापासून डबा बंद. बंद म्हणजे बंद!" मंजुश्रीनं डब्याचं झाकण आपटून लावलं.

ओट्यावर बसलेली शिल्पा गडबडून उठली. धर्माबादची पोरगी, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावलेला. रोज डबा न्यायला यायची आणि रोज अर्धा-पाऊण तास ताटकळायची, कारण डबा कधी वेळेवर तयारच नसायचा. आत्ताही राणीच्या ताटलीतल्या भाकरीचे तुकडे करत दोघी काहीतरी कुजबुजत बसल्या होत्या.

"काकू, माझं काही चुकलं का?"

"तुझं न्हाई गं, माझंच चुकलं. साऱ्या गावाचं ओझं डोक्यावर घेऊन बसले. माझ्या लेकराला वेळ कोण देणार?"

लेकरू म्हणजे दहा वर्षांची राणी. तिनं तोंड उघडलं. "आई, शिल्पाताईला नको ना..."

"थांब जरा. मी बोलून राहिले ना?"

शिल्पा डबा घेऊन गेली. राणी फाटकापर्यंत तिच्या मागं गेली आणि परत आली.

दोन वर्षांपूर्वी मंजुश्रीनं राणीला शाळेतून काढलं होतं. तिसरीतल्या पोरांची दर सोमवारी परीक्षा, मार्कांची यादी भिंतीवर. पोरगी जेवेनाशी झाली. मंजुश्री म्हणाली, मी घरीच शिकवते. सासरच्यांनी नाकं मुरडली, पण नवरा शिवशंकर पाठीशी उभा राहिला. आता मात्र त्याचाही धीर सुटत चालला होता. म्हणून त्यानं मुदखेडच्या मृत्युंजयकाकांना बोलावलं होतं. काका निवृत्त मुख्याध्यापक. आज चार वाजता ते राणीची परीक्षा घेणार होते. कच्ची निघाली, तर जूनमध्ये राणीची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत.

आणि पोरगी कच्चीच निघणार, हे मंजुश्रीला पक्कं ठाऊक होतं. पुस्तक उघडलं की दारात कुणीतरी हजर! शेवटचा धडा कधी शिकवला, तेसुद्धा तिला आठवत नव्हतं. म्हणून आज सकाळपासून तिनं एकेकाला हात जोडायचं ठरवलं होतं.

दहा वाजता गुणाबाई आल्या, ब्लाउज न्यायला. ब्लाउजला अजून हुका लागायच्या होत्या. गुणाबाईंना त्याचं काही नव्हतं. टेप गळ्यात अडकवून, मशीनखालच्या चिंध्या मांडत त्या राणीशी तासभर बडबडत बसायच्या.

"मावशी, हे शेवटचं. मशीन झाकून ठेवणार हाय मी."

"अगं बया! एवढा चांगला हात तुझा!"

"हात चांगला हाय, पण दोनच हायत ना!"

"आई, गुणामावशी मला..." राणी मधेच बोलली.

"थांब जरा म्हटलं ना!"

बाराच्या उन्हात धोंडप्पा आले. कॉलनीच्या पाणी समितीचे ते म्हातारे अध्यक्ष, मंजुश्री चिटणीस. नळ आठवड्यातून एकदा, म्हणून अर्ज आठवड्यातून दोनदा. मंजुश्रीला सवड होईपर्यंत धोंडप्पा राणीला पाण्याची गाऱ्हाणी ऐकवत बसायचे.

"शरणार्थी, आप्पा," मंजुश्रीनं हात जोडून नमस्कार केला. "ते चिटणीसपद सोडते मी. राग मानू नका."

धोंडप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "राग कशाचा, पोरी? लेकराच्या अभ्यासाआड आम्ही कशाला यावं? आता येत न्हाई."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून मंजुश्रीला लई वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसले म्हणूनच तर ही वेळ आली! तिनं फाटकाची कडी लावली. दोन वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी ओटा रिकामा होता.

राणीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता रडायला काय झालं? तुझ्यासाठीच करून राहिले हे सगळं!"

राणी रिकाम्या ओट्यावर जाऊन बसली.

काका बरोब्बर चारला आले. चहासुद्धा नको म्हणाले.

"पाऊण भाकरी तिघींत सारखी वाटली. एकीला किती?"

"पाव," राणी म्हणाली.

"सव्वा मीटर कापडाच्या वीस-वीस सेंटिमीटरच्या पट्ट्या किती?"

"सहा. आणि पाच सेंटिमीटर चिंधी उरते."

शिवशंकर सरसावून बसला. काकांनी भुवई उंचावली. "आयुक्तांना पाण्यासाठी अर्ज लिही."

दहा मिनिटांत राणीनं अर्ज पुढं केला. विषय, संदर्भ, मागणी, खाली 'आपली विश्वासू'. काकांनी तो दोनदा वाचला.

"माझ्या दहावीच्या पोरांना असा जमत नव्हता. शिवा, हिला कुठंही पाठवू नको. हीच शाळा चालू दे. तुझ्या बायकोनं कमाल केली!"

शिवशंकर बायकोकडं बघून हसला, कितीतरी महिन्यांनी. मंजुश्रीचा ऊर भरून आला. केव्हा का होईना, आपण शिकवलेलं पोरीच्या डोक्यात शिरलं होतं.

"बरं राणी, आईनं अपूर्णांक शिकवले कसे?"

"आईनं न्हाई, शिल्पाताईनं. डबा होईपर्यंत, भाकरीवर. कापडाचं गणित गुणामावशीनं. अर्ज धोंडप्पा आजोबांनी."

"आणि आईनं काय शिकवलं?"

राणीनं जरा विचार केला. "आई सगळ्यांना 'थांब जरा' म्हणते. म्हणून तर ते थांबतात."

काका खळखळून हसले. "म्हणजे शाळा ओट्यावरच भरते! सूनबाई, या तिन्ही मास्तरांना सोडू नका बरं. त्यांना भेटूनच जातो मी. कधी येतात गं ते, राणी?"

राणीनं कडी लावलेल्या फाटकाकडं बघितलं.

"आता न्हाई येणार, आजोबा. आईनं आज तिघांनाबी काढून टाकलं."