घरवैद्याचा प्रश्न

स्वयंपाकघरातल्या शांततेत भिंतीवरचं आजार ओळखणारं यंत्र, घरवैद्य, टिंग वाजलं आणि मृण्मयीची लाटी पोळपाटावरच राहिली.

"तुमच्या शस्त्रक्रियेचा अहवाल आला आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "गाठ कॅन्सरची नव्हती. गर्भनिरोधक तांबीमुळे होणारा जुनाट जंतुसंसर्ग होता. काही महिने पेनिसिलिन घेऊन बरा झाला असता."

तिचा हात आपसूक पोटावरच्या टाक्यांकडे गेला. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, सगळं काढून झालं होतं. आधी तुकडा काढून तपासत हल्ली कोण बसतं? घरवैद्य प्रश्न विचारतो, उत्तरं जुळवतो आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन होतं.

ऑपरेशनआधी त्याने तिलाही विचारलं होतं, कधी तांबी बसवली होती का. शेजारी सासूबाई लसूण सोलत होत्या. "कसली तांबी? आम्ही नातवाची वाट बघतोय," त्या हसून म्हणाल्या होत्या. मुलीच्या, रेवाच्या जन्मानंतर गुपचूप बसवलेली आणि दुखायला लागल्यावर गुपचूपच काढून टाकलेली ती तांबी मृण्मयीच्या ओठांवर आली नाही. ती "नाही" म्हणाली होती.

आता घरवैद्य नुकत्याच शाळेतून आलेल्या रेवाकडे वळला. "घसा लाल आहे. शाळेतून येताना बर्फाचा गोळा खाल्लास?"

"नाही," रेवा म्हणाली. जीभ अजून जांभळी होती.

"त्याला खरं सांग गं, राणी," मृण्मयी म्हणाली. "खोटं सांगितलं की तो चुकीचा इलाज करतो."

रेवाने दारात येऊन उभ्या राहिलेल्या आजीकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आजी ऐकत असली तरी?"