सवाष्णीचा हात

मुरूममधल्या एका महिला मंडळाने वर्गणी काढून विधवा वनमालाला शिलाई मशीन दिले. दोन मुलींचे पोट आता याच मशीनवर भरायचे होते. कार्यक्रमात मशीनची पूजा मांडली. वनमालाने कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला, तसा अध्यक्षबाईंनी तो अडवला. "तू थांब गं. शुभ काम हाय, सवाष्णीचा हात लागू दे." शेजारणीने कुंकू लावले, नारळ वाढवला. फोटोसाठी मात्र वनमालाला पुढे ओढले. गर्दी पांगल्यावर तिने धीर करून अध्यक्षबाईंना विचारले, "वैनी, तुमच्या पोरीचं लगीन ठरलंय म्हणं. नवरीचे ब्लाऊज मला द्या की शिवायला." "येडी हायस का? नवरीचं कापड तुझ्या हातात कसं देऊ?" मग बाईंचा आवाज मऊ झाला. "काम देते की. किराणा वाटायला मंडळाला पिशव्या लागत्यात, त्या शिव." "किराणा कुणाला वाटता?" वनमालाने विचारले. "तुझ्यासारख्यांनाच."