चहाच्या वेळची घंटी

घंटी एवढ्या जोरात केकाटली की देवाजीचा पेचकस हातातून सुटला आणि सिलिंडरवर खणकन आपटला.

"अशीच वाजते," शेजारी उकिडवे बसून त्याला बॅटरी दाखवणारे मनोहरराव म्हणाले. "रोज सकाळी." एवढं बोलून ते उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

मनोहररावांच्या स्वयंपाकघरातली ही घंटी दुरुस्त करायला देवाजीला बोलावलं होतं वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या चंपतरावांनी. रोज सकाळी घर पेटलं समजून पायजम्यावर पळत सुटायचं म्हणजे काय थट्टा आहे!

गॅस जड, तो खाली बसतो. म्हणून गॅस गळला की वाजणारा हा घंटीचा डबा ओट्याखाली, जमिनीलगत लावलेला. देवाजीला सडकून पडसं झालेलं, त्यामुळे नाकाचा उपयोग शून्य. त्यानं रेग्युलेटरला, नळीला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा उठेल तर शपथ.

"लीक नाही, काकू."

"मग काहून वाजून राहिली?" मनोहररावांच्या बायकोनं, शामलाबाईंनी विचारलं. विषमज्वर झाल्यापासून त्यांना कसलाच वास येत नसे. म्हणून तर मुलानं, गोविंदानं, कळमेश्वरच्या कारखान्यातल्या मित्राकडून हा डबा करून घेतला होता.

"याच्यात कथलाच्या भस्माचा मणी राहते. सदा तापलेला. गॅस लागला का त्याच्यातून करंट जास्त धावते, घंटी होते. पण त्याले गॅस अन् स्पिरिट यातला फरक समजत नाही. दारू, अत्तर, काहीबी चालते. दुधानं तोंड पोळल्यावानी ताकही फुंकून पिते बिचारा." देवाजीनं नाक पुसलं. "काका, तुमी अत्तर-बित्तर तर नाही लावत न?"

मनोहररावांनी छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्या दाढीला हात लावला. "मी? काय गा देवाजी!"

"आमचा गोविंदा दाढीचं लोशन लावते," शामलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "दाढी झाली का तसाच चहाले इथं येऊन बसते. आइकत नाही."

"हा बाप्पा, सापडला चोर! लोशनात स्पिरिटच तर राहते!" देवाजी खूश झाला.

मनोहररावांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि ते आत निघून गेले.

"हा पेच जरासा फिरवतो, काकू. डबा थोडा बहिरा होईन. मंग लोशनले नाही वाजणार."

"नको!"

शामलाबाईंच्या हातातली चाळणी खाली पडली. देवाजीला आपलीच लाज वाटली. ज्या बाईला वास येत नाही, तिचा डबा बहिरा करायला निघालो! माणसानं अक्कल गहाण टाकावी तरी किती?

"बरोबर आहे, काकू. जिवाशी खेळ नको. पोरालेच सांगा, दाढी झाली का घडीभर आंगणात थांबत जा म्हणा."

"सांगते."

देवाजी थैली घेऊन निघाला. फाटकापाशी पोचतो न पोचतो तोच मागून चपला वाजल्या. शामलाबाई होत्या. पदर तोंडाशी धरलेला, डोळे काठोकाठ भरलेले.

"भाऊ, दुकान बर्डीवर आहे न तुमचं? येता-जाता लोशनची एक बाटली आणून द्यान? हिरवी. तेच पाह्यजे, दुसरं नको. अन् माह्याच हातात द्या."

"काकू, मी थांब म्हणून राहिलो अन् तुमी त्याले नवी बाटली देऊन राहिल्या? लय लाड करता पोराचे!"

"गोविंदा तर परारसालीच वारला, भाऊ."

देवाजीच्या खांद्यावरून थैली घसरली.

"त्याचं लोशन हे लावतात. दाढीले, चोरून. घंटी झाली का मले आवाज देतात, 'आला वं तुहा गोविंदा, टाक चहा.' मले वास नाही, त्याच्यानं त्यांले वाटते मले काही समजतच नाही." त्यांनी घराकडे वळून पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आणान न, भाऊ? मागच्या वेळी मी आणून त्याच्याच बाटलीत ओतलेलं संपत आलं. त्यांले वाटते, पोराचीच बाटली अजून पुरून राहिली."