ओली आहे तोवर

पाणी होतं तोवर काच आरपार दिसत होती. जूनच्या उन्हानं ते पाणी चटकन ओढून घेतलं आणि गाडीचं छत रागिणीच्या डोळ्यांसमोर पातळ ताकासारखं पांढरं झालं.

"बाबा, हे काय केलं तुमी?"

बुधाजी गाडीशेजारी स्टुलावर उभे होते. हातात पॉलिश पेपर, मनगटापर्यंत पांढरा चिखल.

"जाळी काढली. पाह्य, एक तरी भेग दिसते का?"

खरंच दिसत नव्हती. अंकुरच्या गाडीच्या छताला समोरपासून मागपर्यंत एक पारदर्शक तुकडा होता. काच म्हणायचे, पण होता प्लास्टिकचा. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्यात बारीक भेगांचं जाळं पडलं होतं, आणि अंकुर आल्यागेल्यापाशी त्याचं दुःख सांगायचा. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं आणि काही तरी द्यायचं, म्हणून तो आणि रागिणी अकोल्याला आले होते. पुरणाचे धोंडे खाऊन जावई आत कूलरपुढे झोपला, आणि सासऱ्यानं जन्मभर सुतारकाम केलेल्या हातांनी त्याच्यासाठी हे वाण काढलं.

"लाकडाचं बी असंच असते," बुधाजी समजावून सांगू लागले. "आधी खरबडा पेपर. तो भेग खाते, पण आपले ओरखडे मांगं ठेवते. मंग बारीक पेपर ते ओरखडे खाते. मंग त्याच्याहून बारीक. शेवटी पॉलिश मारलं का आरसा. मधात थांबाचं नाई, बस."

"मंग मारा न बारीक पेपर."

बुधाजींनी हातातला पेपर उलटून पाहिला. "माह्यापाशी लाकडाचेच हायेत. याले लागते तो दुकानात भेटते, अन् आज रविवार." मग तेच म्हणाले, "आज मुक्काम करा. उद्या करून देतो."

"पाचले निघाचं म्हणाले ते."

"सांगतो मी त्यायले. जवाईबापू काय मले खाते?"

"तुमाले नाई काही म्हणणार, बाबा."

दिवाळीला इथून निघताना फराळाच्या डब्यातलं तेल सीटवर सांडलं होतं. तेव्हाही अंकुरनं सगळ्यांसमोर हसून हात जोडले होते. बोरगाव मंजूपर्यंत तो तिच्या माहेरच्या माणसांबद्दल वाटेल ते बोलत होता. मूर्तिजापूरला गप्प झाला. अमरावतीचं घर आलं तरी गप्प. ताट वाढलं की जेवायचा, इस्त्रीचे कपडे काढून ठेवले की घालायचा. तिच्याशी पहिला शब्द बोलला तो संक्रांतीला.

तेवढ्यात लाइट गेली. आतला कूलर घरघरत थांबला.

रागिणीनं बादलीतला मग उचलला. बुधाजींना खाली उतरवून, पदर खोचून ती स्टुलावर चढली आणि छतावर पाणी सोडू लागली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी धार. दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं वाळायला लागायचं, की हात लगेच तिकडे वळायचा. काच पुन्हा आरपार दिसू लागली.

"काय करून राहिली तू?"

"ओली ठेवते. ओली हाय तोवर समजत नाई. ते येतीन, गाडीत बसतीन. चालू गाडीत वर कोण पायते?"

"अन् घरी गेल्यावर?"

"म्हणीन का मीच घासली."

आत खाट करकरली. रागिणीनं धार जरा मोठी केली.

बुधाजी तिच्या हाताकडे पाहत राहिले. "मारते का तुले तो?"

"नाई."

"मंग?"

"बोलत नाई."

"किती दिस?"

मागच्या कोपऱ्यात पांढरा डाग उमटत होता, तिथं तिनं पाणी टाकलं.

बुधाजींनी तिच्या हातातून मग काढून घेतला आणि तिला खाली उतरवलं. स्वतः स्टुलावर चढून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी छत पुसायला घेतलं. घाई केली नाही. कोपरेसुद्धा कोरडे केले.

"बाबा, नका न."

"दिसू दे," ते म्हणाले.

अंकुर दारात आला तेव्हा छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं छताकडे पाहिलं. मग रागिणीकडे पाहिलं, बुधाजींकडे नाही. मग हसून हात जोडले.

"राहू द्या मामाजी, होते असं. रागिणी, बॅग आण. निघू."

"खराब मी केली, नीट बी मीच करीन," बुधाजींनी पायात चपला सरकवल्या. "पेपर अमरावतीत बी भेटते. येतो मी संगं. काम अर्धं टाकलं का मले झोप येत नाई."

"तुमी कायले तरास घेता?"

"तरास कायचा? दोन दिस लागो का आठ, आता मले दुसरं काय काम हाय? रागिणी, मायले सांगून दे."

आणि पुढचं दार उघडून ते अंकुरच्या शेजारी, तिच्या रोजच्या जागेवर बसलेसुद्धा.

रागिणी बॅग घेऊन मागे बसली. वरून नुसता पांढरा उजेड येत होता. आभाळ कुठं, कडुनिंब कुठं, काही कळत नव्हतं. अंकुरनं गाडी सुरू केली. डाबकी रोड मागे पडला, स्टेशन गेलं, मोठा रस्ता लागला, तरी तो समोरच पाहत होता.

बुधाजी सीटवर अख्खे त्याच्याकडे वळून बसले.

"बोला जवाईबापू," ते म्हणाले. "रस्ता लंबा हाय."