केसाएवढी तार

“याहून बारीक,” बाई म्हणाली. “केसाएवढी तार सोलायचीय.”

दुकानदारानं जाडजूड पक्कड परत खुंटीला अडकवली. तो दुकान आवरायला घेणार होता, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना शटर ओढणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं पातं असलेलं स्ट्रिपर काढलं, तारेचा तुकडा घेतला आणि गोल फिरवून आवरण ओढलं.

बाईनं पर्समधून भिंग काढून टोक न्याहाळलं.

“हे नव्हे. एका बाजूला चिरतंय.”

“काम काय आहे तुमचं? घड्याळ? कानाचं यंत्र?”

“पांघरूण आहे. विजेवर तापणारं.”

“त्याच्या तारांना हात लावू नका, बाई. आवरण निघालं आणि वर कोणी झोपलं, तर खेळ खलास.”

“माहीत आहे.”

“कोण वापरतं ते?” त्यानं हसत विचारलं.

“आम्ही नवराबायको. एक बाजू त्यांची, एक माझी.”

त्याचं हसू ओठांवरच वाळलं. तरी सवयीनं त्यानं गरम टोकाचा चिमटा जोडला. आवरण वितळून अलगद सुटलं.

“कडा गोल झाली,” बाई म्हणाली. “हेही नाही.”

“तुम्हाला तार सोलायचीय की टोकांचं प्रदर्शन भरवायचंय?”

बाई हसली नाही. तिची नजर त्याच्या मागच्या काचेच्या कपाटावर गेली. “त्या डबीत काय आहे?”

त्याच्या मनात पाल चुकचुकली. नाही म्हणावं, उद्या या म्हणावं, असं वाटत असतानाच हातानं डबी खाली काढली. आत बोटभर लांबीची नाजूक पक्कड होती. महागडी वस्तू, वर्षात एखादी खपली तर खपली. त्यानं तार धरून हलकेच दाबलं. आवरण सुईनं कापल्यासारखं सरळ निघालं. मागे, पकडीनं धरल्या जागी, दोन बारीक रेघा उमटल्या.

बाईनं भिंग धरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हेच,” ती म्हणाली.

त्यानं डबीचं झाकण लावलं. “राग मानू नका, पण हे मी तुम्हाला विकणार नाही. नवऱ्याशी पटत नसेल, तर कोर्ट आहे. असलं काही डोक्यात आणू नका.”

“मला विकत नकोच आहे.”

तिनं रुमाल उलगडला. आत तारेचा काळवंडलेला तुकडा होता. सोललेल्या टोकाशी त्याच दोन रेघा. मग तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती.

“माझ्या बाजूचं पांघरूण उसवून काढलाय,” ती म्हणाली.

दुकानदार स्टुलावर बसला. आपण काय बोलून गेलो, याची त्याला लाज वाटली.

“आता कुठं राहता?”

“धाकट्या बहिणीकडे. तिनंच हट्टानं नेलं. म्हणाली, ‘ताई, हे भावोजींचंच काम. त्या घरात पाय ठेवू नकोस.’ हात चालत नाही, तर दोन्ही वेळा भरवतेसुद्धा. पण हे शपथेवर नाही म्हणतात आणि पोलीस पुरावा मागतात. या बाजारातलं एकेक दुकान पालथं घालतेय.”

तिनं मोबाइल त्याच्यासमोर ठेवला. पडद्यावर चष्मेवाला, टक्कल पडलेला माणूस होता.

“आठवून सांगा. ही पक्कड यांनी नेली का?”

त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “नाही हो. यांना कधी पाहिलेलं नाही.”

“नीट पाहा.”

तो पाहत असतानाच मोबाइल थरथरला. चष्मेवाला गेला आणि त्याच्या जागी एका तरुण बाईचा हसरा चेहरा आला.

“बहिणीचा फोन,” ती हात पुढं करत म्हणाली. “जेवायला थांबली असेल माझ्यासाठी.”

दुकानदारानं मोबाइल सोडला नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला.

“अहो, ह्यांनीच की नेली ती पक्कड!”