बिनव्याजी

भाऊबीजेला ताईने ओवाळायला ताट उचललं, तेव्हा शिरीषला त्यात सुपारी दिसली, पण दरवर्षीची सोन्याची अंगठी दिसली नाही.

ती कुठे गेली, हे त्याला ठाऊक होतं. क्रेडिट कार्डावर बिनव्याजी मिळणारे पैसे उचलायचे, म्युच्युअल फंडात टाकायचे आणि मुदतीत परत करून वरचा नफा खिशात घालायचा, हे त्यानेच दाजींच्या गळी उतरवलं होतं. बाजार पडला तेव्हा, "थांबा, चढेल," असंही तोच म्हणाला होता. स्वतःचं कार्ड मात्र त्याने तोटा सोसून गुपचूप फेडून टाकलं. दाजी थांबले, मुदत टळली, आणि व्याज-दंड भरता भरता ताईचा दागिन्यांचा डबा रिकामा झाला. आज दाजी आतल्या खोलीतून बाहेरही आले नव्हते.

शिरीषने बोटातली अंगठी काढून ताटात ठेवली. "तुलाच राहू दे, ताई."

ताईने ती सुपारीबरोबर त्याच्या चेहऱ्याभोवती ओवाळली. मग त्याचा हात धरून पुन्हा त्याच्याच बोटात सरकवली.

"वापरून वेळेत परत केलं की व्याज लागत नाही," ती म्हणाली. "तूच शिकवलंस ना आम्हाला?"